सहा नंबरच्या क्रेनचा ब्रेक

२४ एप्रिल

थानच्या पायाची पाचही बोटं जागेवर आहेत. आधी हे लिहून टाकते, मग बाकीचं.

शाळा सुटल्यानंतर मी सलग चार ओळी कधी लिहिल्या नसतील. पण आज कुणाशी तरी बोलायला हवं. बाबांना सांगावं तर ब्याऐंशी वर्षांच्या जिवाला उगाच घोर. म्हणून ही वही.

आज लाओ मू कामावर नव्हता, दाढ काढायला गेला होता. अकरा वर्षं झाली, मी वर सहा नंबरच्या क्रेनच्या केबिनमध्ये आणि तो खाली फाउंड्रीच्या जमिनीवर. तो हाताने खुणा करतो, त्यावर मी माल उचलते, नेते, ठेवते. आज त्याच्या जागी थान होता, फाउंड्रीतला तरुण पोरगा. इंजिनाच्या साच्याचा वरचा अर्धा भाग खालच्यावर बसवायचा होता. थानने मूठ आवळली. मूठ आवळली की थांब. मी थांबले, साचा मात्र खाली जात राहिला. थोडासाच, पण तेवढ्यात थानचा पाय कडेखाली सापडला.

आमचा ड्रम ब्रेक म्हातारा आहे. हँडल सोडलं तरी माल दोन बोटं घसरतो आणि मगच ब्रेक त्याला धरतो. हे मला पाठ आहे. तेवढं धरूनच मी आधी थांबते. आज तेवढ्यावर भागलं नाही.

बुटाच्या टोकाला आतून लोखंडी टोपी होती म्हणून निभावलं. टोपी चेपली, अंगठा वांग्यासारखा सुजला. थान दवाखान्यातून मला म्हणतो, "ताई, बूट एक माप मोठा होत होता, तुम्ही बरोबर मापाचा करून दिलात." त्याच्या आईवडिलांनी त्याला हसायला शिकवलं, त्यांचे उपकार. तो बूट ज्याने शिवला त्याचेही.

२५ एप्रिल

क्रेन बंद. आमचे विभागप्रमुख वेइसाहेब इतके घाबरले की कालच संध्याकाळी त्यांनी जुना ब्रेक उतरवून भंगारात पाठवून दिला. बाकीच्या पाच क्रेनना यंदा डिस्क ब्रेक बसलेच होते, आमचा नंबर शेवटचा होता. आता तो पुढे आला.

मला कोठारात बसवलंय. हातमोज्यांच्या जोड्या लावते. डावे खूप, उजवे कमी. उजवे लवकर फाटत असावेत.

वेइसाहेबांनी मला बोलावून चहा दिला. चहा दिला तेव्हाच समजले, चौकशी आहे.

"लुआनताई, माल किती घसरायचा?"

"दोन बोटं."

"नक्की? चार-पाच नाही?"

जीभ वळवळली. पाच म्हणाले असते तर सुटले असते. पण अकरा वर्षं दोन बोटं धरून थांबतेय, खोटं कसं बोलू? दोन म्हणाले. ते चहात बघत बसले. ब्रेक दोनच बोटं घसरत असेल आणि तेवढं धरून मी थांबले असेन, तर मग साचा आणखी खाली कोणी नेला? मीच. हिशेब सरळ आहे.

लाओ मू आला तो गाल टम्म फुगवून. कोठाराच्या दारात उभा राहून नुसता बघत होता. मी म्हटलं, "काय बघताय? हातमोजे हवेत का?" मान हलवून गेला. दाढ काढली की माणूस बोलत नाही, पण हा तर दाढ असतानाही बोलत नव्हता.

२९ एप्रिल

ब्रेक बसवायला इंजिनिअर तोंग आलाय, पस्तिशीतला, दक्षिणेतला, हुनानचा. आमच्या जेवणाला चव नाही म्हणून खिशात तिखटाची बाटली घेऊन फिरतो. वाफवलेल्या पावावरसुद्धा तिखट ओततो. पण माणूस चांगला आहे, मला कोठारातून बोलावून सगळं दाखवलं.

"ताई, ड्रम ब्रेक म्हणजे काय, तर फिरत्या डब्याला दोन जबड्यांनी बाहेरून आवळायचं. डबा तापतो, फुगतो, जबडे झिजतात. पकड यायला वेळ लागतो. आणि ही बघा तबकडी. उघडी असते, वारा लागतो, तापली तरी लवकर निवते. दोन्ही बाजूंनी चिमटा बसला की खलास."

"माल घसरत नाही?"

"केसभर. तुम्हाला वरून दिसणारही नाही."

मला वाटलं, असा ब्रेक तरुणपणी मिळाला असता तर माझी मान इतकी आखडली नसती.

त्याच्याकडूनच कळलं की वेइसाहेबांनी लाओ मूलाही वेगळं विचारलं होतं. तो काय म्हणाला? दोन बोटं.

आता राग येण्याचं कारण नाही. मीही तेच म्हणाले होते. पण आला. मी स्वतःविरुद्ध खरं बोलले ते माझं मी बोलले, त्याला माझ्यासाठी एक बोट वाढवून सांगता आलं नाही? अकरा वर्षांत एका बोटाचीही माया नाही? संध्याकाळी फाटकाशी तो सायकल धरून उभा होता. मी दुसऱ्या फाटकाने गेले.

३ मे

सुट्टी. बाबा सकाळपासून गालातल्या गालात हसतायत आणि कारण सांगत नाहीत.

झालं असं की दहाच्या सुमारास दार वाजलं. उघडते तर लाओ मू. धुतलेला शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, हातात लाल दोरीने बांधलेली हातभर सुरमई. तीन मजले चढून आला होता, धाप लागलेली. मी हात पुढे केला तर मासा माझ्या हातात देईना. सरळ आत गेला, बाबांपुढे उभा राहिला, दोन्ही हातांनी त्यांना दिला.

"काका, यंदाची पहिली सुरमई. मामेभावाच्या होडीला खूप मिळाली."

बाबांनी माशाचे डोळे पाहिले, कल्ले उघडून पाहिले, मग लाओ मूकडे तसंच निरखून पाहिलं. म्हणाले, "ताजी आहे. बस."

तो बसला नाही. लालेलाल होऊन निघून गेला.

बाबा मूळचे समुद्रापलीकडचे, शानतुंगचे. त्यांच्या गावी वसंतात पहिली सुरमई जावयाने सासऱ्याला द्यायची रीत आहे. आमचे हे होते तोवर दरवर्षी आणत. त्यांना जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून बाबांच्या पुढ्यात कुणी मासा ठेवला नव्हता. लाओ मूचे आईवडीलही तिकडचेच, म्हणजे म्हाताऱ्याला किती बरं वाटेल हे त्याला ठाऊक असणार. मोठ्या मनाचं काम केलं. अर्थात, दोन बोटांचं प्रायश्चित्त आहे हेही मला कळतं, मी काही दूधखुळी नाही.

माशाचा खिमा आणि हिरवी लसणीची पात भरून मोमोसारख्या पुरचुंड्या उकडल्या. बाबांनी बत्तीस खाल्ल्या. राग धरून ठेवावा तर पोट भरलेलं. मासा देणाऱ्याचं भलं होवो.

६ मे

तबकडी बसली. चकचकीत आहे, थाळीसारखी. तोंगने वजनं लावून तपासलं, मी केबिनमध्ये. हँडल सोडलं की वजन जागच्या जागी गपकन उभं. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. केबिनमध्ये एकटीच हसले. हे बनवणाऱ्या अनोळखी माणसांना माझा नमस्कार.

उद्या साच्यासह चाचणी, वेइसाहेबांसमोर. खाली लाओ मू असेल. त्यात बरं झालं तर क्रेन माझी. नाही तर निवृत्तीपर्यंत हातमोजे.

७ मे

बरं झालं नाही.

लाओ मूने खूण केली, मी थांबले, आणि साचा चार बोटं वरच लटकत राहिला. पुन्हा केलं, पुन्हा चार बोटं वर. परत वर घेतला, परत खाली, तेच. खाली सगळे माना वर करून बघतायत आणि साचा आपला हवेत, हट्टी म्हशीसारखा.

तोंगने ब्रेक उघडून तपासला. ब्रेक बरोबर.

वेइसाहेब वर बघून म्हणाले, "ताई, आधी खाली गेलात, आता वर थांबताय. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकताय, ते समजतं मला. पण ओतकामाच्या दिवशी असं चालत नाही. वयही होतं माणसाचं. त्यात लाज कसली?" आवाज मऊ होता. मऊ आवाजात सांगितलेलं जास्त लागतं.

मी शिडी उतरले. मला लाज वाटली आणि भीतीही वाटली. म्हणजे थानचा पाय खरंच मीच चिरडणार होते का? माझ्या हाताचा अंदाज गेला आणि मलाच पत्ता नाही?

लाओ मू शिडीखाली उभा होता. म्हणाला, "लुआनबाई, खूण माझी चुकली."

"तुमची खूण अकरा वर्षांत चुकलेली नाही," मी म्हटलं. "मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

८ मे

कोठारात. जेवण गेलं नाही. बाबा म्हणाले, "क्रेन गेली तर गेली. वर बसून माणसाला माणूस दिसत नाही." म्हाताऱ्यांना काय, काहीही बोलतात.

९ मे

नीट लिहायला हवं, सगळं लक्षात आहे तोवर.

सकाळी तोंग कोठारात आला. रात्रभर विचार करत होता म्हणे. "ताई, ब्रेक बरोबर, तुम्ही बरोबर, मूकाका बरोबर, आणि साचा मात्र चुकीच्या जागी. असं होऊच शकत नाही. मला फक्त तासभर द्या."

त्याने आधी माणसं बदलली. मी वर, खाली थान. थान एका पायात बूट आणि एका पायात सपाता घालून लंगडत आला होता. कुणी बोलावलं नव्हतं, स्वतःहून. "ताई, चांगला पाय आता एकच उरलाय, जपून." त्याने मूठ आवळली, मी थांबले. साचा दोन बोटं वर.

मग मला उतरवलं. वर दोन नंबरच्या क्रेनच्या कोंगताई बसल्या. त्यांच्याकडे डिस्क ब्रेक येऊन महिना झालाय, हात बसलाय. खाली लाओ मू. साचा दोन बोटं वर.

मग कोंगताई आणि थान. बरोबर जागेवर.

आणि शेवटी मी आणि लाओ मू. चार बोटं वर.

मी खाली उतरले. तोंग जमिनीवरच मांडी घालून बसला आणि खिशातली तिखटाची बाटली काढून नुसतीच हातात फिरवू लागला. मग म्हणाला, "मूकाका, तुम्ही मूठ केव्हा आवळता?"

लाओ मू पुटपुटला, "जरा आधी. ब्रेक दोन बोटं घसरतो ना. बाईंना त्रास नको म्हणून मी आधीच आवळतो."

"आणि ताई, तुम्ही थांबता केव्हा? मूठ आवळल्यावर?"

मी म्हटलं, "नाही. खालच्या माणसाचं कोपर हललं की कळतं मला. तेव्हाच हँडल सोडते. ब्रेक दोन बोटं घसरतो ना."

 कोंगताई एकदम ओरडल्या, "अगं बाई, म्हणजे तो चार बोटं घसरत होता."

होय. चार. दोन बोटं मी गिळत होते, दोन तो गिळत होता, आणि दोघांनाही वाटत होतं सगळं आपणच गिळतोय. म्हणून ब्रेकचं दुखणं कुणालाच दिसलं नाही. दर वर्षी तपासणीत आम्ही दोघं छाती पुढे काढून सांगायचो, दोनच बोटं, चालतंय. त्या दिवशी खाली थान होता. त्याने मूठ बरोबर जागी आवळली, मी माझी दोन बोटं सोडली, आणि लाओ मूची दोन बोटं दंतवैद्याकडे होती.

ब्रेक भंगारात जाऊन वितळलाही असेल. पण त्याचं घसरणं आमच्या दोघांच्या हातात तसंच राहिलं होतं.

वेइसाहेबांनी सगळ्यांसमोर टोपी काढली. म्हणाले, "ताई, माझं चुकलं. ब्रेक ठेवून घ्यायला हवा होता, आणि वयाचं बोलायला नको होतं." त्यांचेही आभार. साहेब माणूस चूक कबूल करतो, हे रोज बघायला मिळत नाही.

मी थानजवळ गेले. म्हटलं, "आम्ही एकमेकांना सांभाळून घेत बसलो आणि भोगलंस तू." तो म्हणाला, "पंधरा दिवस पगारी सुट्टी मिळाली, ताई. दुसरा पायही देऊ का?"

हसले, पण घरी येताना बसमध्ये रडू आलं. माझा हात शाबूत आहे. मी कुणाचा पाय चिरडला नाही. आणि एक माणूस अकरा वर्षं मला त्रास नको म्हणून मूठ आधी आवळत होता आणि त्याने कधी एका शब्दाने सांगितलं नाही.

मग मनात आलं, मी तरी कुठे सांगितलं होतं?

११ मे

आता नवाच पेच. वेइसाहेब म्हणतात, क्रेन तुमचीच, पण जोडी बदलू. दोघांच्याही हाताला एकमेकांची सवय लागलीय, ती जायची नाही. तुम्ही थानबरोबर, लाओ मू कोंगताईंबरोबर. नवा माणूस समोर असला की जुनी सवय लवकर सुटते.

बोलणं शहाणपणाचं होतं. मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात लाओ मू बोलला. वेइसाहेबांसमोर तो बोललेला मी पहिल्यांदा पाहिला.

"साहेब, जोडी बदलायची नाही."

"का?"

"आम्ही शिकू."

"अरे पण कशाला? ज्यात सोपं ते करावं."

"आम्ही शिकू," तो पुन्हा म्हणाला. कान लाल झाले होते. "आठवडा द्या. नाही जमलं तर मी कोठारात जातो. बाई क्रेनवर राहू देत."

कोंगताई मला कोपरखळ्या मारत होत्या. मी म्हटलं, "एवढं काय त्यात, त्याला जागा बदलायला आवडत नाही. डबासुद्धा रोज त्याच खांबाशी बसून खातो." कोंगताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच मुकी-बहिरी. "खांब कुठला आहे ते बघितलंस का कधी?" म्हणाल्या. आमच्या शिडीजवळचा आहे. सावली असते तिथे.

आठवडा मिळाला.

१४ मे

जमत नाही. त्याचं कोपर हललं की माझा हात आपोआप सुटतो. मी धरून ठेवला तर तो मूठ आवळायला उशीर करतो, कारण त्याला वाटतं मी आधीच थांबेन. आज साचा खालच्यावर दाणकन बसला आणि आतला वाळूचा गाभा तडकला. रिकामा सरावाचा साचा होता म्हणून बरं.

मी केबिनच्या खिडकीतून ओरडले, "मला सांभाळू नका. जिथे थांबायचं तिथेच थांबवा."

तो खालून म्हणाला, "तुम्ही माझ्या कोपरावर नका जाऊ. मूठ बघा, मूठ."

अकरा वर्षांत आम्ही पहिल्यांदा भांडलो. फाउंड्रीतले सगळे काम सोडून ऐकत होते. चेव आला आणि मजाही वाटली.

१७ मे

समुद्रावरून धुकं आलं होतं, पोहोचायला उशीर झाला. सरावात एक बोट वर. दुसऱ्यांदाही एकच. तोंगला परत जायचं होतं, बिचारा एक दिवस जास्त राहिला. त्याला सुक्या माशांची पिशवी बांधून दिली. म्हणाला, "ताई, यावर तिखट घातलं तर चालेल ना?" म्हटलं, बाबा, तू मला क्रेन परत दिलीस, तू साखर घाल.

१९ मे

आज खरं काम. मोठा साचा, आत खरा गाभा, सगळे बघायला उभे.

वरचा साचा उचलला, नेला, जागेवर आणला. लाओ मूने तळवा खाली-खाली केला, मी हळूहळू सोडत गेले. कोपर हललं. माझा हात शिवशिवला. मी दात आवळून धरला. कोपर वर गेलं, हात डोक्याच्या वर गेला, मूठ आवळली. मग सोडलं.

साचा दोन्ही भाग जुळवणाऱ्या पिनांच्या बोटभर वर उभा राहिला. अगदी हवा तिथे.

आणि तेव्हा लक्षात आलं की याची खूण मी अकरा वर्षांत पुरी कधी पाहिलीच नव्हती. कोपर हललं की माझे डोळे हँडलवर आणि दोरावर, माल थांबतोय ना ते बघायला. आज घसरत काहीच नव्हतं, म्हणून खालीच बघत राहिले.

मूठ आवळून झाली की तो ती उघडतो. हात खाली आणताना मध्येच छातीवर ठेवतो, वर माझ्याकडे बघतो आणि जरासा हसतो. नियमांच्या तक्त्यावर अशी खूण नाही.

जेवणाच्या सुट्टीत थानला हळूच विचारलं, आज लाओ मूने ते शेवटी काय केलं?

"आज?" थान म्हणाला. "ताई, तो तर रोज करतो. प्रत्येक वेळी. आम्हाला वाटायचं तुम्हाला दिसतं."

माझा घास तसाच राहिला.

दुपारी दुसरा साचा घेतला. तळवा, कोपर, मूठ. मी थांबवला. तो मूठ उघडून हात छातीवर ठेवतोय तोवर मी दोन्ही हात हँडलवरून काढले आणि खिडकीतून बाहेर काढून त्याला हलवून दाखवले. तो जागच्या जागी खिळला. सात टनांचा साचा आमच्या दोघांच्या मधे लटकत होता, मी कशालाही धरलेलं नव्हतं, आणि तो तसूभरही खाली आला नाही.